ऑपेराच्या दाराबाहेरची सोप्रानो

1733 च्या जुलैत संगीतकार हँडल ऑक्सफर्डला गेला आणि तिथल्या शेल्डोनियन थिएटरात त्याने ‘अथालिया’ हे नवं ऑरेटोरिओ सादर केलं. बायबलमधली कथा आणि नाटकासारखी पात्रं, पण वेशभूषा नाही की हालचाल नाही. सगळा अभिनय गळ्याने करायचा. अडीचशे वर्षांनी, 1985 साली, क्रिस्टोफर हॉगवुड या इंग्रज संगीतकाराने हेच ऑरेटोरिओ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा पात्रयोजनेत एक धाडस केलं. मूर्तिपूजक, क्रूर राणी अथालियासाठी त्याने जोन सदरलँड यांना बोलावलं. साठीच्या उंबरठ्यावरच्या सदरलँड म्हणजे ऑपेराच्या जगातली सम्राज्ञी. व्हेनिसच्या रसिकांनी त्यांना ‘ला स्टुपेंडा’ ही पदवी देऊन पंचवीस वर्षं झाली होती. आणि राणीच्या तावडीतून वाचलेल्या राजपुत्राला गुपचूप वाढवणारी धर्मगुरूची पत्नी जोसाबेथ गायला होत्या एमा कर्कबी.

दोघीही सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या आवाजातली सर्वांत वरची पट्टी. पण एका रेकॉर्डवर दोघींना ऐकताना त्या एकाच व्यवसायातल्या आहेत हे पटायला वेळ लागतो. सदरलँड यांचा आवाज भरदार आणि सतत कंप पावणारा आहे, शब्दांवरून तो लाटेसारखा जातो. कर्कबींचा आवाज सडसडीत, सरळ, स्वराच्या मधोमध जाऊन थांबणारा. त्यांचं इंग्रजी अक्षर न् अक्षर कळतं. हॉगवुडला हा विरोधच हवा असणार: जुलमी राणी दुसऱ्याच जगातून आल्यासारखी वाटते. पण या रेकॉर्डमध्ये नाट्याखेरीज आणखी एक गोष्ट नोंदली गेली. वीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाला व्यावसायिक गायनात जागाच नव्हती, तो आता ऑपेराच्या सम्राज्ञीसमोर बरोबरीने उभा होता.

ही जागा कशी तयार झाली, याची गोष्ट एकट्या कर्कबींची नाही. पण त्यांच्या कारकिर्दीतून ती सर्वांत स्पष्ट दिसते.

आवाज मोठा का लागतो?

युरोपातल्या सोप्रानोचा राजमार्ग ठरलेला आहे. संगीत महाविद्यालय, मग ऑपेरागृहाचं प्रशिक्षण, दासी-मैत्रिणींच्या छोट्या भूमिका, आणि नशिबाने साथ दिली तर मोझार्टपासून पुच्चिनीपर्यंतच्या नायिका. या मार्गाची पहिली अट आवाजाच्या आकाराची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे 3800 जण बसतात. गायिकेच्या पुढ्यातल्या खड्ड्यात सत्तर-ऐंशी वादक असतात, त्यांची व्हायोलिनं धातूच्या तारांची, पितळी वाद्यं रुंद तोंडाची. मायक्रोफोन नाही. या भिंतीपलीकडे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर गळा, घसा, तोंड, छाती यांचं एक विशिष्ट यंत्र उभं करावं लागतं, आणि अखंड कंप हा त्या यंत्राचा भाग होऊन जातो.

त्याची किंमत शब्द मोजतात. हे गायिकेच्या आळसामुळे होत नाही. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. ‘ई’ किंवा ‘ऊ’ हे स्वर कानाला ओळखू येतात ते तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या काही ठरावीक कंपनसंख्यांमुळे, आणि त्यांतली सर्वांत खालची 300 हर्ट्झच्या आसपास असते. सोप्रानोचा गाण्याचा सूर त्याच्या कितीतरी वर गेला की ‘ई’ची खूणच पुसली जाते. आवाज घुमवण्यासाठी ती तोंड अधिक उघडते आणि एका उंचीनंतर सगळे स्वर ‘आ’कडे झुकतात. ऑपेराच्या उंच टिपेत गायिका कोणत्या भाषेत गाते आहे हे सांगता येत नाही, ही तक्रार म्हणूनच इतकी जुनी आहे.

आता सोळाव्या-सतराव्या शतकातलं गाणं घ्या. साथीला एक ल्यूट. बोटांनी छेडायचं, आतड्याच्या तारांचं हे वाद्य दिवाणखान्याच्या पलीकडे ऐकू जात नाही. गाण्याची चाल बहुतेक मध्यसप्तकात फिरते, वरच्या टिपेला क्वचित जाते. त्यात आज जुनं संगीत वाजवणारे बहुतेक जण मूळ सूरही अर्ध्या स्वराने खाली ठेवतात, 440 ऐवजी 415 हर्ट्झ. (हँडलच्या किंवा बाखच्या काळात सर्वत्र हाच आकडा होता असं मात्र नाही, गावोगावी, चर्चगणिक सूर वेगळा असे. 415 हा आधुनिक वादकांनी सोयीसाठी मान्य केलेला तोडगा.) अशा गाण्यात ऑपेराचा आवाज घातला तर ल्यूट गाडलं जातं आणि कविता विरघळते. इथे दुसरा गळा हवा होता, पण तो कुठे शिकवला जात नव्हता.

ख्याल ऐकून कान तयार झालेल्या मराठी श्रोत्याला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे स्वर लावायचा तो स्थिर. आंदोलन, गमक, मुरकी हे अलंकार, जिथे हवे तिथे घालायचे. प्रत्येक स्वर थरथरवला तर गुरू हात वर करून थांबवतील. ऑपेरा पहिल्यांदा ऐकताना बिचकलेली आपली माणसं कर्कबींच्या गाण्यापाशी मात्र सहज थांबतात, असं मी पाहिलं आहे.

लॅटिन शिकलेली मुलगी

एमा कर्कबी यांचा जन्म 26 फेब्रुवारी 1949 रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली गावी झाला. वडील नौदलात अधिकारी. मुलगी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेली ती ग्रीक आणि लॅटिन अभिजात साहित्य शिकायला. संगीत महाविद्यालयाची पायरी त्या विद्यार्थिनी म्हणून चढल्याच नाहीत. गाणं हौसेचं: विद्यापीठातला ‘स्कोला कँटोरम ऑफ ऑक्सफर्ड’ हा गायकवृंद, मित्रमंडळींचे छोटे गट. पदवीनंतर त्या शाळेत शिक्षिका झाल्या. धंदेवाईक गायिका होण्याचा बेत नव्हता, हे त्या स्वतः अनेकदा सांगत आल्या आहेत.

पण काळ विलक्षण होता. जुन्या वाद्यांचं वेड इंग्लंडला नवं नव्हतं. आर्नल्ड डॉल्मेच या कारागीर-वादकाने विसाव्या शतकाच्या आरंभीच ल्यूट, व्हायोल, रेकॉर्डर पुन्हा घडवायला घेतली होती आणि 1925 पासून हॅझलमिअर गावी त्याचा महोत्सव भरत असे. महायुद्धानंतर आल्फ्रेड डेलर याने पुरुषाच्या उंच, खोट्या आवाजात, म्हणजे काउंटरटेनरमध्ये, पर्सेल आणि डाउलंड या जुन्या इंग्रज संगीतकारांची गाणी गाऊन लोकांना चकित केलं. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात डेव्हिड मन्रो हा तरुण क्रमहॉर्न आणि शॉमसारखी विसरलेली वाद्यं घेऊन रेडिओ-टीव्हीवर घराघरांत पोचला. 1976 मध्ये तो गेला तेव्हा फक्त तेहतीस वर्षांचा होता. 1973 हे साल तर पेरणीचंच. हॉगवुडने ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’ हा वाद्यवृंद काढला, अँड्र्यू पॅरटने ‘टॅव्हर्नर क्वायर’ सुरू केला आणि ‘अर्ली म्युझिक’ नावाचं त्रैमासिकही त्याच वर्षी निघालं. वादक जुन्या घडणीची वाद्यं, आतड्याच्या तारा, जुने गज शोधून काढत होते. प्रश्न होता तो गायकांचा. व्हायोलिनची तार बदलता येते, गळा कसा बदलायचा?

पॅरट हा ऑक्सफर्डच्याच वर्तुळातला, कर्कबींचा पहिला पती. त्याला बाईच्या आवाजात गायकमुलांसारखी स्वच्छता आणि मोठ्यांची समज, दोन्ही हवं होतं. कर्कबींकडे ते होतं. मुख्य म्हणजे ‘सुधारण्याच्या’ नावाखाली ते कुणी काढून घेतलेलं नव्हतं. त्या महाविद्यालयात गेल्या असत्या तर शिक्षकांनी आवाज मोठा करायला लावला असता आणि आपण आज त्यांचं नाव ऐकलं नसतं, असं माझं मत आहे. याचा अर्थ त्या शिकल्या नाहीत असा नाही. जेसिका कॅश यांच्याकडे त्यांनी पुढे वर्षानुवर्षं आवाजाची साधना केली. मोठ्या आवाजाला खपून जाणाऱ्या चुका सरळ आवाजात उघड्या पडतात. सूर केसभर हलला तरी लपायला जागा नसते.

मेजाभोवतीचं गाणं

कर्कबींच्या गाण्याची खरी तालीम झाली अँथनी रूली या ल्यूटवादकाबरोबर. रूलीने 1969 मध्ये ‘कन्सॉर्ट ऑफ म्युझिक’ हा गट जेम्स टायलरसोबत काढला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कर्कबी त्यात आल्या, आणि पुढची कित्येक वर्षं हा गट, आणि रूलीबरोबरचं आयुष्यही, त्यांच्या कामाचा कणा राहिला. जॉन डाउलंडच्या समग्र रचनांचा मोठा संच या गटाने मुद्रित केला. ज्या इंग्रज रसिकाला डाउलंड म्हणजे पाठ्यपुस्तकातलं नाव एवढंच ठाऊक होतं, त्याच्या घरी तो आता ग्रामोफोनवर गाऊ लागला.

डाउलंडचं पहिलं गीतपुस्तक 1597 चं. त्याची छपाई पाहण्यासारखी आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर चार आवाजांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापल्या आहेत, म्हणजे पुस्तक मेजावर मधोमध उघडायचं आणि चौघांनी चार बाजूंना बसून आपापली ओळ वाचायची. हवं तर एकाने गायचं आणि एकाने ल्यूट वाजवायचं. म्हणजे हे संगीत रंगमंचावरून प्रेक्षागृहाकडे फेकायचं नव्हतंच. जवळ बसलेल्या माणसाला सांगायचं होतं. डाउलंड स्वतः डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिश्चन राजाच्या पदरी 1598 पासून आठ वर्षं होता, पगार भक्कम होता, तरी त्याची गाणी दुःखाची. त्या दुःखात आक्रोश नाही. ते दुःख हुशार आहे, शब्दांशी खेळणारं, स्वतःकडे थोडं लांबून पाहणारं. असं गाणं आवाजाच्या जोरावर कोसळतं आणि समजेवर उभं राहतं.

इथे लॅटिन-ग्रीक कामी आलं. जुन्या युरोपात गाणं हे वक्तृत्वाचं भावंड मानलं जाई. कुठे थांबायचं, कुठला शब्द उचलायचा, प्रश्न कसा विचारायचा, दुसऱ्यांदा तेच म्हणताना काय बदलायचं, हे सगळं रोमन वक्ता सिसेरोच्या परंपरेतलं शिक्षण. 1607 मध्ये इटालियन संगीतकार क्लॉडिओ मोंतेवेर्दीच्या भावाने छापून जाहीर केलं की नव्या रीतीत शब्दांनी राज्य करायचं आणि सुरावटीने त्यांची चाकरी. त्या काळात यावर मोठा वाद झाला होता, कारण मोंतेवेर्दी शब्दातल्या वेदनेसाठी स्वरमेळाचे नियम मोडत होता. कर्कबी, रूली आणि त्यांचे सहकारी मोंतेवेर्दीचे माद्रिगाल, म्हणजे अनेक आवाजांची गीतं, गाताना या वादाची बाजू घेतल्यासारखे गातात. प्रत्येक विसंवादी स्वर क्षणभर टोचतो आणि सुटतो. अखंड कंप असलेल्या पाच आवाजांत तो टोचतच नाही, कारण कुठलाच स्वर पुरेसा स्पष्ट नसतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण हलका आवाज म्हणजे सोपा आवाज असा समज होतो. या काळातल्या रचनांत गळ्याने घ्यायच्या वेगवान ताना असतात. इटलीत 1580 च्या सुमारास फेर्राराच्या दरबारात लाउरा पेवेरारा, आन्ना ग्वारिनी आणि लिव्हिया द’आर्को या तीन गायिका अशा ताना एकमेकींत गुंफून गात. त्यांची कीर्ती एवढी की इतर दरबारांनी आपापले स्त्रीगट उभे केले. दरबारातला संगीतकार लुझास्की याने त्यांच्यासाठी बांधलेल्या रचना 1601 मध्ये छापल्या गेल्या, तोवर त्या राजघराण्याचं गुपित होत्या. ज्या गळ्याला भार वाहायचा आहे त्याला इतकं चपळ वळता येत नाही.

हँडलला कसा आवाज हवा होता?

कर्कबी जगभर पोचल्या त्या ‘मेसाया’मुळे. व्हिक्टोरियन काळापासून या ऑरेटोरिओची जत्रा झाली होती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो गायक एकत्र उभे राहून ते गात. हॉगवुडने उलट दिशा धरली. 1754 साली हँडलच्या हयातीत लंडनच्या अनाथालयात, फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, जो प्रयोग झाला त्याचे कागद शिल्लक होते. त्यात कुणाला किती पैसे दिले याचा हिशेबही होता, आणि त्यावरून वाद्यवृंद अडतीसेक जणांचा असल्याचं दिसतं. त्या प्रयोगाला धरून हॉगवुडने अकॅडमीचे वादक, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चचा मुलगे आणि पुरुषांचा गायकवृंद, आणि पाच एकल गायक घेतले. सोप्रानो दोन: अमेरिकेच्या ज्युडिथ नेल्सन आणि एमा कर्कबी. 1980 मध्ये ही रेकॉर्ड बाजारात आली आणि अनेकांना वाटलं, वर्षानुवर्षांचं वार्निश खरवडून खालचं चित्र दिसलं.

काही जणांना ते आवडलं नाही. कर्कबींचा आवाज मुलासारखा आहे, कोरडा आहे, हँडलला इटालियन ऑपेराच्या बलाढ्य गायिका मिळत होत्या, असं ते म्हणत. आक्षेप फुका नाही. हँडलच्या ऑपेरांत गाणाऱ्या कुझोनी आणि बोर्दोनी यांना जवळ बसून कविता सांगणाऱ्या गायिका म्हणता येणार नाही. पण याच ‘मेसाया’च्या जन्मकथेत दुसरं उदाहरण आहे. 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला, त्यात गायला सुझाना सिबर होती. ती मुख्यतः नाटकातली अभिनेत्री, व्यभिचाराच्या गाजलेल्या खटल्याने बदनाम झालेली. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बर्नीच्या मते तिचा आवाज नुसता धाग्याएवढा होता आणि संगीताचं ज्ञान बेतास बात. तरीही हँडलने तिच्यासाठी गाणी तिच्या पट्टीत उतरवून दिली, आणि तिने डब्लिनच्या श्रोत्यांना रडवलं. हँडलपाशी दोन्ही जातींच्या आवाजांना काम होतं. विसाव्या शतकाने त्यातली एकच जात खरी मानली होती.

‘मेसाया’च्या रेकॉर्डनंतरची सर्वांत अनपेक्षित रेकॉर्ड मात्र हँडलहून सहा शतकं जुन्या संगीताची. बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179) ही ऱ्हाइनकाठच्या मठाची प्रमुख. दृष्टान्त लिहिणारी, वैद्यकावर लिहिणारी, पत्रांतून सम्राटांना चार शब्द सुनावणारी. तिने स्वतःच्या मठासाठी स्तोत्रं रचली होती. विद्वानांना ती माहीत होती, बाजाराला नाही. क्रिस्टोफर पेज या संशोधकाने ‘गॉथिक व्हॉइसेस’ हा गट घेऊन सप्टेंबर 1981 मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका चर्चमध्ये ती ध्वनिमुद्रित केली. कर्कबी त्यातल्या एक गायिका. रेकॉर्डचं नाव ‘अ फेदर ऑन द ब्रेथ ऑफ गॉड’. काढली ती ‘हायपेरियन’ या नवख्या कंपनीने. तिचा मालक टेड पेरी कंपनी जगवण्यासाठी मिनीकॅब चालवत असे. बाराव्या शतकातल्या लॅटिन स्तोत्रांची ही रेकॉर्ड त्याला तारून गेली. ती वर्षानुवर्षं खपत राहिली, तिला ग्रामोफोन पुरस्कार मिळाला, आणि दशकाच्या शेवटी डान्स म्युझिकवाल्यांनी तिचे तुकडे उचलून आपल्या गाण्यांत बसवले. 2012 मध्ये पोपने हिल्डेगार्डला अधिकृतपणे संत आणि चर्चची आचार्य घोषित केलं तेव्हा जगातल्या कितीतरी लोकांना ती आधीच ठाऊक होती, आणि त्याचं एक कारण ही रेकॉर्ड.

हा आवाज खरंच जुना होता का?

इथे थोडं थांबायला हवं, कारण या चळवळीच्या जाहिरातीत ‘अस्सल’ हा शब्द फार वापरला गेला. सोळाव्या शतकातला गळा कुणी ऐकलेला नाही. वाद्यं संग्रहालयांत सापडतात, गळे सापडत नाहीत. मग कर्कबींचा सरळ आवाज अस्सल कशावरून?

त्याच लंडनमध्ये, थोडंसं आधी, मायकेल मॉरोच्या ‘म्युझिका रेझर्व्हाटा’ गटात जँटिना नूरमन गात होत्या. मध्ययुगीन संगीत गाताना त्यांचा आवाज खणखणीत, नाकातून येणारा, बाल्कन लोकगायिकांसारखा रांगडा लागे. बाझल शहरी ‘स्कोला कँटोरम बासिलिएन्सिस’मध्ये शिकलेल्या मोंतसेरात फिगेरास 1974 पासून ‘हेस्पेरियन’ गटात भूमध्य समुद्राकाठच्या ऊनमातीचा रंग असलेल्या आवाजात गायल्या. कर्कबींचा आवाज इंग्रज चर्चमधल्या गायकमुलांच्या परंपरेजवळचा. तिघीही जुनंच संगीत गात होत्या आणि तिघींचे आवाज तीन टोकांचे. पुरावा सगळ्यांसमोर जवळपास एकच होता. निवड आपापल्या कानाची.

कंपाबद्दलचा पुरावाही गोंधळाचा. 1619 मध्ये जर्मन संगीतकार प्रिटोरियसने चांगल्या गळ्याच्या गुणांत सुंदर, पण मर्यादित कंपाची गणना केली. 1756 मध्ये मोझार्टचा बाप लिओपोल्ड याने उलट, कायमचा ताप भरल्यासारखा प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्या वादकांची टर उडवली. म्हणजे कंप होता, आणि तो अति झाला तर खटकत होता. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रिचर्ड टारुस्किन तर म्हणाला की हे स्वच्छ, हलकं, वेगवान, भावनेला लगाम घालणारं वादन-गायन भूतकाळातलं नाहीच. ती विसाव्या शतकाची, स्त्राविन्स्कीच्या काळाची आवड आहे, जुने कपडे घालून आलेली. त्याचे हे लेख 1995 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि चळवळीतले बरेच लोक चिडले.

मला टारुस्किनचं बरंचसं पटतं, आणि त्यामुळे कर्कबींची किंमत कमी होत नाही. नीट ऐकलं तर त्या कंप पूर्ण वर्ज्य करतात असंही नाही. लांब स्वराच्या शेवटाकडे तो येतो, शब्दाला हवा असेल तर वाढतो, नाहीतर गप्प बसतो. वस्तुसंग्रहालयातली वस्तू पुसून ठेवावी तसं त्यांचं गाणं नाही. त्यांनी एक शक्यता दाखवली, आणि ती जुन्या कागदांशी विसंगत नाही. कलावंताकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

पोट कसं भरायचं?

अशा गायिकेला पगार देणारं घर नसतं. ऑपेरागृहाचा हंगाम, ठरलेल्या भूमिका, महिन्याचं मानधन यातलं काही नाही. छोटे गट, चर्चमधल्या मैफिली, महोत्सव, बीबीसीचं रेडिओ थ्री आणि मुख्य म्हणजे रेकॉर्ड. 1980 च्या दशकात सीडी आल्यावर लोकांनी आपले संग्रह नव्याने उभारले आणि कंपन्यांना ‘मेसाया’च्या आणखी एका जड प्रतीपेक्षा कुणी न ऐकलेलं काही हवं होतं. मायक्रोफोनला लहान आवाजाचं वावडं नसतं. कर्कबींच्या नावावर शंभराहून अधिक रेकॉर्ड आहेत. पर्सेलची गाणी, पॅरटबरोबरची ‘डायडो’, जेम्स बोमनबरोबरचं पेर्गोलेसीचं ‘स्टाबाट माटर’, बाखचे कँटाटा. मोझार्टच्या पुढे त्या क्वचित गेल्या. बाजाराने दिलेली ही चौकट त्यांनी ओलांडण्याचा हट्ट धरला नाही, आणि आवाज टिकण्याचं ते एक कारण असावं. पन्नाशीनंतरही त्या नवं गात होत्या. 2001 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या ग्रंथालयात, विल्यम सॅव्हेज या गायकाच्या संग्रहातल्या एका बांधीव वहीत, हँडलच्या तरुणपणाचं मानलं जाणारं एका सोप्रानोसाठीचं ‘ग्लोरिया’ ओळखलं गेलं. त्याच वर्षी अकॅडमीच्या विद्यार्थ्यांच्या बरोक वाद्यवृंदासह ते मुद्रित करायला कर्कबींना बोलावलं गेलं.

मानसन्मान उशिरा, पण आले. 2000 मध्ये ओबीई, 2007 मध्ये ‘डेम’ किताब, 2010 सालचं राणीचं संगीतपदक. 2007 मध्येच ‘बीबीसी म्युझिक मॅगझिन’ने समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ सोप्रानोंची यादी करवून घेतली. पहिल्या मारिया कॅलस, दुसऱ्या सदरलँड. ऑपेराच्या त्या नामावळीत दहाव्या क्रमांकावर कर्कबी होत्या.

या उघडलेल्या वाटेचा फायदा फक्त इंग्रज गायिकांना झाला नाही. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकल्या. जॉन टॅव्हनरसारख्या समकालीन रचनाकाराने त्यांच्यासाठी लिहिलं, आणि ट्रेव्हर पिनॉकच्या जुन्या वाद्यांच्या वृंदाबरोबर हायडनचं ‘स्टाबाट माटर’ही त्यांनी मुद्रित केलं. पुढे त्यांनी भारतात येऊन पाश्चात्त्य गायनाच्या कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. आज लंडन, बाझल, द हेग इथल्या संस्थांत जुन्या संगीताचं गायन हा रीतसर अभ्यासक्रम आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या गायिका कर्कबींपेक्षा अधिक रंगीत, अधिक नाट्यमय गातात, कंपही मोकळा ठेवतात, आणि ऑपेरागृहंही हँडलच्या ऑपेरांसाठी त्यांना बोलावतात. मधल्या काळात कर्कबींची नक्कल करणाऱ्या पांढऱ्याफटक आवाजांची एक लाट येऊन गेली. सरळ सूर उचलला, शब्द विसरले. ती टिकली नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर ‘मेसाया’पासून करू नका. आधी रूलीच्या ल्यूटबरोबरचं डाउलंडचं एखादं गाणं घ्या, कवितेचे शब्द समोर ठेवा आणि आवाज मुद्दाम कमी ठेवा. मग ‘अथालिया’ लावा, सदरलँड आणि कर्कबी पाठोपाठ येतात तो भाग दोनदा ऐका. शेवटी जँटिना नूरमन शोधून ऐका. तुम्हाला कोणती आवडते हा तुमचा प्रश्न. मी डाउलंडसाठी कर्कबींकडे जातो, आणि त्या जागी दुसरं कुणी मला अजून सापडलेलं नाही.